नांदूर मध्यमेश्वर दोघांनी: मनोरा, स्कोप, गाइड आणि आवर्तन

नाशिकहून पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल, अशा पाणपक्ष्यांच्या जागांमध्ये नांदूर मध्यमेश्वरच्या तोडीची दुसरी जागा नाही. तरीही रविवारी दहाच्या सुमारास चापडगावच्या मनोऱ्यावरून उतरणाऱ्यांच्या तोंडी हमखास ऐकू येतं, ‘पक्षी होते, पण फार लांब.’ लांब असतात हे खरं. पण त्याच मनोऱ्यावरून, त्याच सकाळी, तयारीनं आलेली दोन माणसं चाळीसेक जातींची यादी घेऊन जातात. फरक पडतो तो त्या आठवड्यात पाणी किती आहे, ऊन कुठून येतंय आणि दोघांत मिळून एक स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका नळीची मोठी दुर्बीण) आहे की नाही, यानं. पक्ष्यांसाठी पाचपैकी साडेचार गुण, मनोऱ्यांसाठी तीन आणि रविवारच्या शांततेसाठी एक. तोही कसाबसा.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी ब्रिटिश काळातला दगडी बंधारा आहे. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, चिखलाची बेटं, पाणगवताचे पट्टे तयार झाले. बदकांना आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना नेमकं हेच लागतं. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर. पण त्यात गावं, उसाचे मळे, द्राक्षबागा सगळं आलं, त्यामुळे फाटक असलेलं जंगल शोधत फिरू नका. २०२० च्या जानेवारीत ही जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली. त्या नोंदीतलं क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे आणि पक्षी पाहणाऱ्याच्या कामाचा भाग साधारण तेवढाच. ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ हे बिरुद ऐकून येणारे झाडांवर लगडलेली घरटी शोधतात आणि हिरमुसतात. इथे मुख्य खेळ उघड्या पाण्यावरचा आहे.

कॅलेंडरइतकंच, किंबहुना जास्त, पाहायचं ते आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीपाळीनं सोडलं जाणारं पाणी. या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. वर गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटलं की ते इथे येतं आणि कालव्यांत वळवलं जातं. त्यामुळे हिवाळ्यातही पातळी खालीवर होत राहते. पाणी चढलेलं असेल तर चिखलाची बेटं बुडतात आणि तुतवार, मालगुजा, पाणलावा अशी चिखलावरची मंडळी कडेच्या गवतात नाहीतर शेतात पांगतात. त्या दिवशी लालसरी, वारकरी, पाणडुबी यांच्यावर समाधान मानायचं. पाणी फारच उतरलं तर चिखल भरपूर उघडा पडतो, पण काठच मनोऱ्यापासून मागे सरकतो आणि सगळे पक्षी त्याच्यासोबत लांब जातात. सगळ्यात चांगले दिवस पातळी उतरू लागल्यानंतरचे पहिले काही. ओला चिखल नुकताच उघडा पडलेला असतो आणि तो अजून मनोऱ्याच्या टप्प्यात असतो. आवर्तनाच्या बातम्या नाशिकच्या वर्तमानपत्रांत जिल्हा पानावर येतातच. शेतकरी त्या वाचतात, पक्षीवाल्यांनीही वाचाव्यात.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्यानं चांदोरी, तिथून सायखेड्याकडे वळून चापडगाव. साधारण चाळीस किलोमीटर, सव्वा तास धरा. ऊसतोडणीच्या हंगामात पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि बहुतेकांना मागचा दिवा नसतो. रेल्वेनं निफाड स्टेशन जवळचं, पण तिथून पुढे स्वतःचं वाहन लागतंच. जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला होतो. शिवाय निफाड म्हणजे राज्यातल्या थंडीचा बातमीतला तालुका, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात छापून येतो. अशा सकाळी पाण्यावर धुकं बसतं आणि ते उठायला आठही वाजतात. म्हणून साडेचारला निघण्याचा पराक्रम नको. पावणेसहाला निघालात तर वेळेत पोचता. आणखी एक कारण आहे: या पट्ट्यात उसात बिबटे आहेत. अंधारात उसाच्या कडेच्या वाटेनं पायी जायचं नाही, एकट्यानं तर नाहीच. उजाडेपर्यंत गाडीतच चहा घ्या.

मनोऱ्यावर चढण्याआधी खाली उभं राहून स्वतःची सावली पाहा. सावली पाण्याच्या दिशेनं पडत असेल तर ऊन पाठीमागे आहे, रंग दिसतील. सावली मागे पडत असेल तर समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील आणि बदक कुठलं हे सांगणं अवघड जाईल. अशा वेळी तिथेच हटून बसण्यापेक्षा काठाच्या वाटेनं थोडं पुढे जाऊन कोन बदलावा, किंवा तो मनोरा संध्याकाळसाठी राखून ठेवावा. मनोऱ्याचा दोष वेगळाच आहे. माणसं चढली-उतरली की फळ्या हलतात. पन्नास पट मोठं दाखवणाऱ्या स्कोपमध्ये ही हालचालही पन्नास पट होते. गर्दी असेल तर स्कोप खाली जमिनीवर, झाडाच्या आडोशाला लावा. उंची जाते, पण चित्र स्थिर राहतं. हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा.

दुर्बिणीचं सांगायचं तर दोघांकडे स्वतंत्र दुर्बीण हवीच. एकच दुर्बीण फिरवत राहिल्यास प्रत्येकाला दर वेळी डोळ्यांतलं अंतर आणि डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी कडी) बदलावं लागतं, तेवढ्यात पक्षी बुडी मारतो. इथल्यासाठी ८x४२ की १०x४२? पाणी मोठं असल्यानं १० पट मोह पाडते आणि हात स्थिर असेल तर ती चालते. पण ८ पटीत पाहण्याचा पट्टा रुंद मिळतो, हात कमी थरथरतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात चित्र उजळ राहतं. ८x४२ मधून डोळ्यात येणारी प्रकाशाची चकती सव्वापाच मिलिमीटरची, १०x४२ मधून ४.२ ची. दोघांत स्कोप असेल तर दुर्बीण ८ पटीचीच घ्या, लांबचं काम स्कोप करतो. ‘२० ते १०० पट झूम’ असं लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका. दोन नळ्यांचं झूम एकसारखं राहत नाही, तासाभरात डोकं दुखतं.

डायॉप्टर जुळवण्याचं काम नाशिकमध्येच, घराच्या गच्चीवर उरकून घ्या. तीस-चाळीस मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजवी भिंग-नळी हातानं झाका आणि डाव्या डोळ्यानं मधल्या चाकानं पाटी स्वच्छ करा. आता डावी झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. कडी कुठल्या खुणेवर थांबली ते लक्षात ठेवा, पिशवीत घासून ती सरकते. चष्मा असेल तर रबरी कडा पूर्ण खाली दाबायच्या, नसेल तर वर काढायच्या. ‘दुर्बिणीत काळे डाग दिसतात’ ही तक्रार बहुतेक वेळा या कडांचीच असते.

थंडीत आणखी एक घोळ होतो. मफलर नाकावर घेतला की श्वास वर जाऊन थेट डोळ्याजवळच्या भिंगावर बसतो आणि चित्र पांढरं होतं. मफलर हनुवटीपर्यंतच ठेवा. भिंग शर्टाच्या टोकानं पुसू नका, थोडं थांबलात तर वाफ आपोआप जाते. द्राक्षबागा आणि उसाच्या रस्त्यांवरची धूळ मात्र आधी ब्रशनं उडवायची, मग कापड. थेट कापड फिरवलं तर धुळीचे कण भिंगाच्या थरावर ओरखडे काढतात.

या जागेची खरी किल्ली स्कोप. ६० ते ८० मिलिमीटरचं भिंग, २०-६० पट झूम. दोघांत वापरायचा असेल तर ४५ अंशांत वळलेल्या डोळ्याचाच, म्हणजे डोळा लावायची बाजू तिरकी असलेलाच घ्या. सरळ डोळ्याच्या स्कोपला माणूस बदलला की ट्रायपॉडची उंची बदलावी लागते. तिरक्यात ठेंगण्या माणसाच्या उंचीला एकदा लावला की उंच माणूस नुसता वाकतो, स्कोप जागचा हलत नाही. सुरुवात कायम २० पटीनं करायची, पक्षी मध्यभागी आणायचा, मग झूम. ६० पटीला ८० मिलिमीटरच्या स्कोपचंही चित्र काळवंडतं, २५ ते ४० हाच कामाचा पल्ला. दहा-साडेदहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा लहरू लागते आणि चित्र उकळल्यासारखं दिसतं. त्यावर महाग स्कोप हाही इलाज नाही. झूम कमी करा, जवळचे पक्षी पाहा किंवा जागा बदला. वारा असेल तर ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका आणि पाय पसरून उंची थोडी कमी करा. ओझं वाटून घ्यावं, एकाकडे स्कोप, दुसऱ्याकडे ट्रायपॉड आणि पाणी.

दोघंही एकाच वेळी एकाच बाजूला पाहत बसले तर दोघं असण्याचा काही उपयोग नाही. एकानं स्कोपनं डावीकडून उजवीकडे हळू सरकत पाण्यावरचं एकेक झुंड वाचायचं. दुसऱ्यानं दुर्बिणीनं आकाश, गवताच्या कडा आणि जवळचा काठ सांभाळायचा. वीस मिनिटांनी अदलाबदल, कारण एका डोळ्यानं त्याहून जास्त वेळ पाहिलं की नजर थकते आणि सगळी बदकं सारखी दिसू लागतात. जागा सांगायला घड्याळ वापरा: समोरचं ठरलेलं झाड किंवा बेट म्हणजे बारा, त्याच्या उजवीकडे एक, दोन. ‘तिकडे, त्या बगळ्याच्या बाजूला’ याचा इथे उपयोग नाही, बगळे शंभर असतात.

मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, त्या दहांनी व्यापलेली जागा नजरेत धरा आणि तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर बसवत जा. मोठ्या थव्याला पन्नासाचा तुकडा. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे पाहावेत. एकाचा दोनशे आणि दुसऱ्याचा पाचशे आला तर पुन्हा मोजायचं, सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी एकानंच करावी आणि दुसऱ्याला शेअर करावी. दोघांनी स्वतंत्र याद्या टाकल्या तर तेच पक्षी दोनदा मोजले जातात. मनोऱ्यावर एका जागी उभं राहून केलेली यादी ‘स्थिर’, तीस मीटरपेक्षा जास्त चाललात तर ‘प्रवासी’. चापडगाव आणि बंधारा यांची एकच यादी करू नका.

गाइड घ्यावा का? पहिल्यांदा जात असाल तर घ्याच. चापडगावात स्थानिक गाइड मिळतात. कुठल्या बाजूला पट्टकादंब हंस उतरतात, वाट कुठे चिखलाची आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ठरवण्याआधी विचारा: स्कोप बरोबर आहे का, आणि वेळ किती देणार. ‘रोहित दाखवतो, चित्रबलाक दाखवतो’ असं सांगणारा गाइड मोठे, ठळक पक्षी दाखवून पुढच्या गटाकडे वळतो. तुम्हाला तुतवारी आणि बदकांच्या माद्या पाहायच्या असतील तर तसं सुरुवातीलाच सांगून दोन तास ठरवून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गाइडशिवायही भागतं. पण गाइड दर आठवड्याला तिथे असतो, तुम्ही महिन्यातून एकदा. नव्या पाहुण्याची बातमी त्याच्याकडेच असते.

आता पक्षी. हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, वारकरी, शेकाट्या, उघड्या चोचीचा करकोचा, शराटी हे ओळखायला कुणाची मदत लागत नाही. गोंधळ सुरू होतो तो स्थलांतरित बदकांत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जास्त. त्या काळात बरेच नर अजून मादीसारख्या पिसांत असतात. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई शोधत बसाल तर ती दिसणारच नाही, नराला त्याचा वेश चढायला हिवाळा उलटतो. त्याऐवजी चेहरा पाहा: डोळ्याच्या वर आणि खाली फिकट पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असेल तर भुवई बदक, चेहरा साधा असेल आणि पंखावर हिरवा चौकोन चमकला तर चक्रांग. पाण्यावर बसल्या-बसल्या पंखाच्या कडेला छोटा पांढरा चौकोन दिसला तर गडवाल. थापट्या लांबूनही चोचीवरून कळतो, शिवाय चोच पाण्याला लावून गोल गोल फिरण्याची त्याची सवय आहे. तलवार बदक दिसत नसेल तर लांब, बारीक मान शोधा, शेपटी नंतर.

तुतवारींत तीन नावं पक्की करा, बाकीचं पुढच्या हिवाळ्यात. शेपटी सतत खालीवर करणारी आणि खांद्यापुढे पांढरी पाचर असलेली सामान्य तुतवार. डोळ्याच्या मागपर्यंत जाणारी ठळक भुवई आणि पिवळसर पाय असलेली ठिपकेवाली. उडताना पंखाखालून काळी आणि पाठीच्या शेवटी लख्ख पांढरी दिसते ती हिरवी. या तिन्हींचे आवाज वेगळे आहेत आणि उडताना त्या आवाज देतातच, म्हणून चिखलाजवळ बोलणं बंद.

पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठली तर खाली पाहू नका, वर पाहा. बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालच्या उंचीनं चाललेला असतो, कधी मासे पकडणारा कैकरही असतो. आणि अशा वेळी उडणाऱ्या थव्यात पंखांच्या पट्ट्यांवरून जे बदक ओळखू येतं, ते बसलेलं असताना तासभर पाहूनही कळलेलं नसतं. पट्टकादंब रात्री आणि पहाटे शेतात चरतात, ऊन चढल्यावर पाण्याकडे येतात. ते न दिसले म्हणून आठलाच निघून जाऊ नका.

दहानंतर गाडी काढून नांदूर मध्यमेश्वर गावाकडे, बंधाऱ्यापाशी जा. इथे पक्षी कमी, पण जवळ. खडकांवर नदी सुरय, पाण्यावर एका जागी फडफडणारा कवड्या खंड्या, दगडांत धोबी. कॅमेरेवाल्यांनी खरं तर इथेच वेळ घालवावा. ४०० मिलिमीटरच्या लेन्सनं मनोऱ्यावरून काढलेल्या फोटोत बदक म्हणजे चार ठिपके. खाली उतरताना पाणी सोडल्याची चौकशी करा, दगड शेवाळलेले असतात. गाळाच्या जमिनीवर कुठेही उतरू नका. वरून वाळलेली दिसते, पाय गुडघ्यापर्यंत जातो.

सोयी बेताच्या. खाणगाव थडीला वन विभागाचं निसर्ग निर्वचन केंद्र आहे, मुलं बरोबर असतील तर आधी तिथे. पाणी आणि खाणं नाशिकहूनच न्यावं, परतताना सायखेड्याला किंवा निफाडला मिसळ मिळतेच. रविवारी नऊनंतर सहली येतात, स्पीकरही येतात. मंगळवार-बुधवार मिळत असेल तर रविवार सोडा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारे इथेही दिसू लागलेत. त्यांच्यापासून दूर उभं राहा, तो पक्षी पुढचा तासभर काही बाहेर येत नाही.

खटकणारी गोष्ट म्हणजे पाणवेली. नदीनं वरून वाहत येते, उघडं पाणी झाकते. कमळपक्ष्यांना आणि पाणकोंबड्यांना ती चालते, बुडी मारणाऱ्या बदकांना नाही. काठ हिरवागार दिसला की बदकं पलीकडे सरकलेली असणार, स्कोप तिकडे न्या.

पाणी नको आणि डोंगर हवा असेल तर अंजनेरी, लांब चोचीच्या गिधाडांसाठी. बोरगड हे २००८ साली जाहीर झालेलं संवर्धन राखीव झाडीतल्या पक्ष्यांसाठी चांगलं, पण माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे, तिकडे दुर्बीण रोखायची नाही. येवल्याकडे ममदापूरला माळ आणि काळवीट. तिन्ही ठिकाणी स्कोप घरी ठेवला तरी चालतो.

नांदूरला जायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बदकं टिकतात, आणि तेव्हा नर पूर्ण रंगात असतात, त्यामुळे नवशिक्यांनी पहिली खेप फेब्रुवारीच्या शेवटी करावी. एप्रिलनंतर ऊन सोसवत नाही. ऑगस्टात पूर असला तर मनोऱ्याखालचे रस्तेही विचारूनच.